निळी टिक म्हणजे पोच नव्हे

वडील गेले त्याला दोन महिने होत आले होते. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आमची सव्वातीन एकर केळी, चुलत्यांसोबत सामाईक विहीर आणि सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव. वारस नोंद करून घ्यावी म्हणून तलाठी कार्यालयात गेलो, तर दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर खडूने लिहिलेला मोबाइल नंबर. (अलीकडे त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावाची जीभ अजून तलाठ्यावरच आहे.) फोन लावला. पलीकडचा आवाज अगदी आदबीचा होता. "आप्पा, कशाला हेलपाटे घालता? मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकून द्या. बघतो मी." मला बरंच वाटलं. घरी येऊन पुतण्याकडून फोटो काढून घेतले आणि एकेक करून पाठवले. नऊ फोटो. दोन टिका लगेच आल्या, रात्री जेवणं आटोपेपर्यंत त्या निळ्याही झाल्या. चला, काम मार्गी लागलं, असं म्हणून मी झोपलो.

चार महिन्यांनी पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, विकासोत (गावच्या सहकारी सोसायटीत) गेलो, तर सचिव म्हणाले, उताऱ्यावर अजून तुमचे वडीलच आहेत. परत तलाठी कार्यालय. या वेळी दार उघडं होतं, पण खुर्चीत माणूस दुसरा. आधीच्यांची बदली झालेली. नवे तलाठी तरुण, माझ्याच कॉलेजात शिकलेले निघाले. त्यांनी माझ्या मोबाइलमधले नऊ फोटो पाहिले, निळ्या टिका पाहिल्या आणि ओशाळल्यागत म्हणाले, "सर, हाई त्यासना मोबाइलवर गयं. आपला कागद कोठे शे?"

कागद नव्हता. तीस वर्षं मी राज्यशास्त्राच्या वर्गात लोकप्रशासन शिकवलं. फळ्यावर मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाची नोकरशाही लिहिताना 'लेखी दस्तऐवज' या शब्दाखाली दोन रेघा ओढायचो. आणि स्वतःच्या बापाच्या वारस नोंदीला मी साधी पोच मागितली नव्हती.

गंमत अशी, की ती मागण्याचीही गरज नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४९ काढून बघा. वारसाने जमीन आली, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. तोंडी कळवा किंवा लेखी कळवा, चालतं. पण कळवल्याबरोबर तलाठ्याने लेखी पोच द्यायची. ही तरतूद करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंगठा उठवणारा शेतकरी होता, हे उघड दिसतं. त्याला लिहिता येत नसेल तर नसू दे, पण सरकारला लिहिता येतं ना! शेतकऱ्याचा शब्द तोंडी असला तरी सरकारचं उत्तर कागदावर हवं. साठ वर्षांनी तोच शेतकरी नऊ फोटो पाठवतो आणि सरकार त्याला दोन निळ्या रेषा देते. यात पुढे कोण गेलं, मला कळत नाही.

आधीच्या तलाठ्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. एकेका माणसाकडे दोन-तीन गावं, वर पंचनामे, वर निवडणुकीची कामं. माझं म्हणणं त्या माणसापुरतं नाही. सोशल मीडियाचं राजकारण म्हटलं की आपण लगेच ट्रोल, रील्स, पक्षांचे आयटी सेल यांच्यावर बोलू लागतो. ते आहेच. पण खान्देशात गेल्या आठ-दहा वर्षांत त्याहून खोल एक बदल झाला आणि त्यावर कोणी बोलत नाही. प्रशासन स्वतःच ग्रुपवर राहायला गेलं, आणि जाताना आवक-जावक नोंदवही मागे कार्यालयातच ठेवून गेलं.

नागरिकाच्या जवळजवळ प्रत्येक हक्काचं घड्याळ पोच मिळाल्यापासून सुरू होतं. माहितीचा अधिकार २००५ सालचा, उत्तराची मुदत ३० दिवस. कधीपासून? अर्ज पोहोचल्यापासून. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यात दाखल्याला ठरलेली मुदत आहे, मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण अर्ज कधी दिला हेच सिद्ध होत नसेल, तर या सगळ्या पायऱ्या हवेत लटकतात. रोजगार हमीत तर हे फारच ठळक होतं. सातपुड्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा, ते तुम्हाला नमुना ४ चं पुराण ऐकवतील. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं, तारखेची पावती घ्यायची, १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. सगळी लढाई त्या पावतीसाठी व्हायची. कारण ग्रामसेवकालाही कळायचं, की पावती दिली की आपण अडकलो. म्हणून तो म्हणायचा, "नाव सांगून जा, काम निघालं की कळवतो." आता तो म्हणतो, "ग्रुपवर टाक." शब्द बदलले, युक्ती तीच.

मी ग्रुपच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर तरुण मंडळी मला दवंडीच्या काळात पाठवून देतील. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, किती विसर्ग सुरू आहे, हे तापीकाठच्या गावांना आज काही मिनिटांत कळतं. पूर्वी कोतवाल पोहोचेपर्यंत पाणी पोहोचलेलं असायचं. केळीचा जाहीर भाव सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर येतो. व्यापारी बागेत येऊन त्यापेक्षा कमीच देतो ही गोष्ट वेगळी, पण निदान किती कमी देतो हे तरी शेतकऱ्याला कळतं. नळाला पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, रेशन आलं का, लसीकरण कुठल्या अंगणवाडीत आहे, या निरोपांसाठी ग्रुपइतकं चांगलं साधन गावाने आजवर पाहिलेलं नाही.

पण हे सगळे निरोप वरून खाली येणारे आहेत. खालून वर जाणारी गोष्ट निरोप नसते, मागणी असते. मागणीला नाव लागतं, तारीख लागते आणि ती घेणारा जबाबदार माणूस लागतो. ग्रुप वरून खाली उत्तम चालतो, खालून वर तो नाल्यातल्या पाण्यासारखा जिरून जातो. बहुतेक ग्रामपंचायतींच्या ग्रुपवर जाऊन बघा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. ग्रामसभेत असं लिहून ठेवलं असतं, तर गावाने टेबल उलटं केलं असतं. ॲडमिन मंडळींचं म्हणणं, कोणी काही भलतंच टाकलं तर गुन्हा आमच्यावर येईल. खरं तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. पण भीतीचा बहाणा सोयीचा असतो, तो कोण सोडतो?

यावर मला हमखास ऐकवलं जाणारं उत्तर असं : "सर, अर्ज देऊन कोणाचं भलं झालंय? व्हिडिओ टाका, दोन दिवसांत काम होतं." हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते खरं आहे. आमच्याच शिवाररस्त्यावरच्या मोरीचा व्हिडिओ एका पोराने रील करून टाकला. खाली अहिराणीत झकास कॉमेंट्री. तिसऱ्या दिवशी मुरूम पडला. त्याच मोरीसाठी आधी तीन अर्ज गेले होते. मग सांगा, अर्जाची बाजू कुठल्या तोंडाने घ्यायची?

घ्यायची ती अशी. मोरीवर मुरूम पडला तेव्हा तो कुठून तरी उचलून आणलेला होता. त्या दिवशीचा ट्रॅक्टर आणि मजूर दुसऱ्या कुठल्या तरी कामावर जाणार होते. मायकेल लिप्स्की नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एक साधी गोष्ट मांडली : धोरण मंत्रालयात ठरतं खरं, पण माणसाच्या वाट्याला येतं ते खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातून. त्याच्याकडे वेळ कमी, साधनं कमी आणि रांग लांब असते, म्हणून कोणाला आज घ्यायचं आणि कोणाला उद्या, हे तो त्याच्या हिशेबाने ठरवतो. आपल्याकडे तो हिशेब पूर्वी ओळख, जात, पाकीट आणि कधी कधी निव्वळ दया यांवर चालायचा. आता त्यात व्हिडिओची भर पडली. रील करणारा पोरगा रांगेत पुढे गेला. मागे कोण ढकललं गेलं ते आपल्याला दिसलं नाही, आणि ज्याला ढकललं त्यालाही कळलं नाही. लाचेत निदान देणाऱ्याला माहीत असतं आपण काय केलं. इथे तर सगळेच टाळ्या वाजवतात.

आणि रील करू न शकणारे कोण? सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आजही रेंज शोधत टेकडी चढणारी माणसं आहेत. पावरी बोलणाऱ्या म्हातारीने मराठीत तक्रार टाइप करावी, ही अपेक्षाच चुकीची. पण धडगावपर्यंत कशाला जा? जळगाव शहरातही घरातला एकच स्मार्टफोन दिवसभर नवऱ्याच्या खिशात असतो. ज्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत होता. ओळख सगळ्यात आधी मिळाली, पण दखल घेतली जाईल याची हमी त्या बारा आकड्यांत नव्हती.

आता राजकारणाकडे येतो. लोकसेवा हक्काचा कायदा झाला तेव्हा मला मनापासून वाटलं होतं, की दाखल्यापायी पुढाऱ्याच्या ओट्यावर बसायचे दिवस संपले. झालं उलटंच. ओटा मोबाइलमध्ये आला. गावोगाव भाऊ, दादा, आबा, नाना यांचे समर्थक ग्रुप आहेत. उत्पन्नाचा दाखला अडला, शेतरस्ता अडला, पीकविमा आला नाही, की कार्यकर्त्याला सांगायचं. कार्यकर्ता ग्रुपवर टाकतो, वरच्या ग्रुपवर जातं, तिथून साहेबांच्या पीएकडे, पीएकडून तहसीलला फोन. दाखला निघतो. लगेच त्याच ग्रुपवर फोटो : साहेबांच्या प्रयत्नांना यश. खाली शंभर हात जोडलेले. ठरावीक दिवसांत मिळणं हा ज्याचा कायदेशीर हक्क होता, तो माणूस हात जोडून उपकार मानतो. हक्काचं उपकारात असं रूपांतर झालं की मत पक्कं होतं, आणि फुकटात आधारची प्रत, मोबाइल नंबर, घरातल्या मतदारांची यादीही कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये जमा होते. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज भरायला ज्या गल्लोगल्ली टेबलखुर्च्या लागल्या होत्या, त्या आठवा. दरमहा १,५०० रुपये सरकारचे, पण फलकावरचा चेहरा ज्याच्या टेबलवर फॉर्म भरला त्याचा. या बाबतीत पक्षापक्षांत फरक करायला मी तयार नाही. सगळ्यांनीच टेबलं मांडली होती.

यात आणखी एक गोष्ट मिसळली, जिच्याकडे लक्ष कमी गेलं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले. धुळे आणि नंदुरबारला २०२५ मध्ये तेच झालं. जिल्हा परिषदेचा सदस्य कितीही कामचुकार असला, तरी त्याने सभेत उठून विचारलेला प्रश्न इतिवृत्तात उतरायचा. पुढच्या सभेत अनुपालन मागता यायचं. तो सभागृहातला माणूस गेला आणि त्याची जागा ग्रुपने घेतली. निवडून दिलेला माणूस नाही, सभा नाही, इतिवृत्त नाही, आणि मग आपण म्हणतो लोक सोशल मीडियावर फार बोलायला लागलेत. दुसरीकडे बोलणार कुठे?

सरकारचाही ग्रुपवर आणि फोटोवर विश्वास बसलेला आहे. फोटो म्हणजे पुरावा, अशी एक समजूत मंत्रालयापासून पाड्यापर्यंत पसरलीय. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायची, हे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. उद्देश खोटी हजेरी रोखण्याचा. जिथे रेंज नाही तिथे खऱ्या मजुराची हजेरी बुडायची, अशी ओरड झाली. आणि खोट्यांचं काय झालं? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच मंत्रालयाने परिपत्रक काढून कबूल केलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचेच काढलेले फोटो असं बरंच काही ॲपवर चढतंय. म्हणजे नमुना ४ ची पावती, जी मजुराच्या हातात राहायची, ती दुर्मीळ झाली, आणि मजुराचा फोटो, जो सरकारच्या हातात राहतो, तो सक्तीचा. कागद कोणाच्या खिशात राहतो यावरून सत्ता कुठे आहे ते ओळखावं. माझ्या मते लोकप्रशासनाच्या अभ्यासक्रमातला निम्मा भाग यातच येतो.

ग्रामसभेची तीच गत. कायद्याने गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. नंतर रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात आणि ग्रुपवर सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस जणांचा फोटो पडतो. खाली अंगठे. ठराव काय झाला, हे विचारायचं सुचत नाही, कारण फोटो पाहून सभा झाल्यासारखीच वाटते. साक्री, शिरपूर, यावल, रावेर, चोपडा आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तर पेसा या आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने ग्रामसभेला मोठे अधिकार आहेत, गौण वनउपजापासून आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधीपर्यंत. ते अधिकार ठरावाच्या पुस्तकात चालतात, ग्रुपवर नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायला हात धजत नाही, तिच्याबद्दल लिहितो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा मेसेज त्याआधी कित्येक दिवस मोबाइलमधून हिंडत होता. जमावाने त्यांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेही मारतच राहिला. पाचही जण गेले.

त्यावर भरपूर लिहून झालंय. जमाव, अफवा, अज्ञान. 'अडाणी आदिवासी' असंही काही शहाण्यांनी लिहिलं, ज्यांच्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात तोच मेसेज फिरत होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध निर्देश दिले : प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमा, रेडिओ, टीव्ही, गृह खात्याच्या आणि पोलिसांच्या संकेतस्थळांवरून लोकांना इशारा द्या. निर्देश योग्यच. पण आठवडे बाजारात आलेला माणूस गृह खात्याचं संकेतस्थळ उघडून बघेल, असं कोणाला वाटलं असेल?

मला त्या घटनेत एक गोष्ट सलत राहते, ती म्हणजे ती खोली. ग्रामपंचायत कार्यालय. तिथे सूचना फलक असतो, शिक्का असतो, नोंदवही असते. गावात सरकारचं म्हणून जे काही असतं, ते त्या चार भिंतींत असतं. अफवा दिवसेंदिवस वाढत होती, तेव्हा "ही बातमी खोटी आहे" असा एक जावक क्रमांकाचा कागद जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला असता, बाजारात कोतवालाने तिथल्या बोलीत दवंडी दिली असती, तर ते पाच जण वाचले असते असा दावा मी करत नाही. जमावाचं कोण काय सांगणार? पण शंका असलेल्या चार माणसांना हात धरायला काहीतरी मिळालं असतं. बाजारात एखाद्याने तरी म्हटलं असतं, फलकावर असं असं लिहिलंय रे भो.

आज परिस्थिती अशी, की सरकारची सूचना आणि गावगप्पा एकाच हिरव्या चौकटीत, एकाच टायपात, एकाच 'फॉरवर्डेड' शिक्क्याखाली येतात. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा खरी लिंक कोणती आणि खोटी कोणती, हे विचारायला बायका अंगणवाडी सेविकेकडे मोबाइल घेऊन जात होत्या. आणि सेविकेकडे तरी काय होतं? तिच्या ग्रुपवर आलेली तीच लिंक. खरं-खोटं ताडून बघायला दुसरी जागाच उरलेली नाही. सूचना फलकावर गंजलेली जाळी आणि मागच्या निवडणुकीची आचारसंहिता. मी स्वतः वाचून आलोय.

आमच्या विषयातल्या अभ्यासकांबद्दलही दोन शब्द. सोशल मीडिया आणि शासनव्यवहार यावर हल्ली बरंच संशोधन होतं आणि त्यातलं पुष्कळसं हॅशटॅग मोजणारं असतं. ट्विटर (आताचं एक्स) मोजायला सोपं, कारण ते उघड्यावर असतं. पण खान्देशचं राजकारण ट्विटरवर नाहीच. ते बंद ग्रुपमध्ये आहे, अहिराणीतल्या व्हॉइस नोटमध्ये आहे, लग्नाच्या पंगतीत दाखवलेल्या क्लिपमध्ये आहे. ते बाहेरून मोजता येत नाही आणि चोरून मोजणं नैतिक नाही. मग करायचं काय? मी विद्यार्थ्यांना सांगतो, मोबाइल खिशात ठेवा आणि पंचायत समितीत आवक नोंदवहीशेजारी आठवडाभर बसा. कोण आलं, कशासाठी आलं, कोणाच्या अर्जाला क्रमांक मिळाला, कोणाला "व्हॉट्सॲप करा" सांगितलं, हे लिहा. मग ज्यांना व्हॉट्सॲप करायला सांगितलं त्यांच्या घरी दोन महिन्यांनी जा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात आलेख सुंदर निघत नाहीत आणि परिषदेत टाळ्या पडत नाहीत. पण जळगावला विद्यापीठ होऊन पस्तीस वर्षं झाली, तीन जिल्ह्यांत कॉलेजं पसरलीत, तालुक्या-तालुक्यात राज्यशास्त्राचा विभाग आहे. हे काम पुण्या-मुंबईहून कोणी येऊन करणार नाही.

सरकारनेही या विषयात काहीच केलं नाही, असं नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर नियम काढले : स्वतःचं खातं आणि कार्यालयाचं खातं वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणांवर टीका करू नका, वगैरे. सगळी काळजी कर्मचारी काय बोलेल याची. तलाठ्याच्या खासगी मोबाइलवर आलेल्या माझ्या वडिलांच्या मृत्यू दाखल्याचं काय, याचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल असं त्यावरून दिसत नाही.

माझी मागणी छोटी आहे. मोबाइल नंबर माणसाचा नको, पदाचा हवा. तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी, वीज कंपनीचा वायरमन, प्रत्येकाला कार्यालयाचं सिम द्या, आणि बदली होईल तेव्हा दप्तराचा चार्ज देताना मोबाइलचाही चार्ज द्या. (चार्जरसकट, हे सांगायला हवं.) त्या नंबरवर आलेला अर्ज त्याच दिवशी आवकला चढवायचा आणि उत्तरात क्रमांक पाठवायचा. 'पाहिलं' नाही, 'बघतो' नाही, अंगठा नाही. क्रमांक आणि तारीख. सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला की क्रमांक मिळतोच, म्हणजे यंत्राला ते जमतं, माणसालाच जमवायचंय. आणि सरकारी म्हणून जी सूचना ग्रुपवर जाईल, तिच्यावर जावक क्रमांक हवा आणि तीच सूचना फलकावर हवी. ज्या सूचनेवर क्रमांक नाही ती सरकारी नाही, हे एवढं एक वाक्य गावाला पाठ झालं, तरी अर्ध्या अफवा दारातच अडतील.

याने कारकुनाचं काम वाढेल, असं म्हणणारे आहेत. वाढेल. आज ते काम अर्जदार करतोय, हेलपाटे घालून, रोज बुडवून, रिक्षाचे पैसे खर्च करून. कारकुनाच्या दोन मिनिटांची आपल्याला फार कदर आणि शेतमजुराच्या दिवसाची अजिबात नाही. आणखी एक आक्षेप माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने घेतला, जो आता महसुलात आहे. तो म्हणाला, "सर, क्रमांक दिला तरी काम होईलच असं कुठे आहे?" खरंय. क्रमांक असलेले हजारो अर्ज लाल फडक्यात बांधलेले आहेत. पण त्या अर्जाच्या मालकाला अपिलात जाता येतं, तक्रारींसाठीच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभं राहता येतं, पत्रकाराला दाखवता येतं. आणि हो, त्या शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवरही टाकता येतो. त्या पोराने मोरीच्या रीलमध्ये तिन्ही अर्जांच्या पोचा दाखवल्या असत्या, तर मुरूम पडून प्रकरण मिटलं नसतं. तीन वेळा का नाही केलं, याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागलं असतं.

माझ्या वारस नोंदीचं सांगायचं राहिलं. नव्या तलाठ्यांनी कागद घेतला, पोच दिली. पोचेवर शिक्का मारायला गेले तर पॅड सुकलेलं. शेजारी बसलेल्या कोतवालाने त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, अंगठ्याने चोळलं आणि शिक्का उमटला तो इतका फिकट, की तारीख पेनने गिरवावी लागली. गाव नमुना ६क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद झाली, नोटिसा निघाल्या, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. सातबाऱ्यावर आता आम्हा तिघा भावंडांची नावं आहेत. बहिणीच्या नावात वेलांटी चुकलीय. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, आवक क्रमांक ११२.